शिकारीचा तास

सहावी ब मधली सगळ्यात लांब जांभई
समरजित फाळकेची.
कंपूवरच्या त्यांच्या दोन खोल्यांत
रात्री दहानंतर रिमोट काकांकडे,
आणि काका फक्त शिकार बघतात.
बर्फातले डोंगर, दाढीवाले गोरे,
हिंदीत कुजबुजणारे,
झाडावर बसून राहिलेले. नुसते बसून.

मी वहीत शेरा लिहिला,
'पाल्य रात्री काय पाहतो याकडे लक्ष द्यावे.'
सही आली. लक्ष कुणी दिलं ते कळलं नाही.
खरं सांगायचं तर मला रागच होता.
घरात पाल निघाली तरी मी
शेजारच्या तोमरांना हाक मारते.

भूगोलाच्या तासाला वारे शिकवत होते.
हा उठला, फळ्याखालची चिमूटभर पूड घेतली,
खिडकीपाशी हळूच सोडली.
'बाई, हवा माझ्याकडून तुमच्याकडे चाललीये.
तुम्ही हरीण असता
तर एव्हाना पळाला असता.'
वर्ग फिदीफिदी हसला.
पूड माझ्या काठावर येऊन बसली.

गणितात वीसपैकी चार मिळवणारा मुलगा.
म्हणाला, बाण सरळ जातच नाही, बाई,
सुटल्यापासूनच पडायला लागतो.
तीस पावलांवर एक वीत खाली.
मग साठ पावलांवर दोन? मी विचारलं.
'चार,' तो म्हणाला, माझी कीव आल्यासारखा.
रात्री भाजी करपेपर्यंत
गॅसच्या बिलामागे मांडून पाहिलं.
चारच.

मग एका शनिवारी अर्ध्या शाळेनंतर
एकोणचाळीस पोरं घेऊन स्वर्णरेखेच्या काठी गेले.
नदी कसली, नालाच तो,
पण चिखल भरपूर, आणि चिखलाला सगळं आठवतं.
कुत्रं, बकरी, सायकल, मोर.
समरजित उकिडवा बसला.
'यात पाणी अजून झिरपतंय, म्हणजे गेलंय.
यात वाळका पाला पडलाय, म्हणजे गेलं होतं.'
पूर्ण वर्तमान, पूर्ण भूत.
परीक्षेत हाच प्रश्न त्यानं कोरा सोडला होता.

पुढे एका चपलेपाशी तो बराच वेळ थांबला.
'ही बाई डाव्या पायानं अधू आहे.
डोक्यावर ओझं आहे, टाचा बघा किती रुतल्यात.
आणि रोज जाते इथून,
जुन्या ठशांवर नवे ठसे आहेत.'
पोरांनी माग काढला.
मी मागून, साडी सावरत.
माग शाळेच्याच मागच्या फाटकाशी संपला,
जिथे बिट्टोबाई हंडा उतरवत होती.
अकरा वर्षं तिच्या हातचं पाणी पितेय मी.
ती लंगडते हे मला
चिखलानं सांगावं लागलं.

परतताना विचारलं,
'आणि शेवटी हरीण पडतं, ते बघवतं तुला?'
'ते मी कधी पाहिलंच नाही.
गोळी सुटायच्या आत काका चॅनेल बदलतात.'
का रे?
खांदे उडवले त्यानं.
'काका आधी सीमेवर होते. मग टेकनपूरला.'
एवढंच. आणि मग गजकच्या दुकानाकडे पळाला.

काल रात्री मीही लावलं ते,
आवाज अगदी बारीक ठेवून.
झाडावर माणूस, गवत एका बाजूला झुकलेलं,
त्याच्यासोबत मीही श्वास धरून.
कळप आला. एकीनं मान वर केली,
थेट माझ्याकडे.
माझ्या अंगठ्यानं बटण दाबलं.

अंधार. पडदा अजून कोमट.
बाहेर गल्लीतून कुणीतरी गेलं,
एक पाऊल जड, एक हलकं.
गेलं नाही,
जातंय.